जपानला कधी जायचं? आंबा, शिमगा, गणपती सांभाळून ऋतू निवडायची पद्धत

जपानला कधी जावं असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, साकुराच्या, म्हणजे चेरी फुलायच्या टायमाला जा. फुलं सुंदर असतात यात वादच नाही, पण हे उत्तर कोकणात राहणाऱ्या माणसाच्या फारसं कामाचं नाही. मार्चच्या शेवटी इकडे हापूसची काढणी जोरात असते, पेट्या भरायला गडी मिळत नाहीत म्हणून घरातली झाडून सगळी माणसं बागेत, त्याच्या आगेमागे शिमगा, पालखी घरोघरी फिरते, मुलांच्या परीक्षा तोंडावर, आणि अशा वेळी देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराने आठ-दहा दिवस घर सोडून जायचं म्हणजे वर्षाचं उत्पन्न वाऱ्यावर सोडायचं. तरीपण जपान बघायचं मनात असेल तर जरूर बघा, फक्त महिना आपल्या हिशोबाने निवडा. तो कसा निवडायचा ते सविस्तर लिहितोय, कारण जे वाचायला मिळतं ते सगळं मुंबई-पुण्याच्या नोकरदाराला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं आणि आपलं वर्ष वेगळ्या काट्यावर चालतं.

पद्धत अशी. एक कागद घ्या आणि त्यावर आधी आपले अडकलेले आठवडे लिहा, म्हणजे मोहोराची फवारणी, काढणी, शिमगा, लावणी, गणपती, भातकापणी, गावची जत्रा, होमस्टे असेल तर गर्दीचे दिवस, होडी असेल तर मासेमारीचे महिने. मग जपानमधले ते आठवडे खोडा जेव्हा तिकडची माणसं स्वतःच फिरायला बाहेर पडतात. एवढं झालं की जे मोकळे आठवडे उरतात त्यात ऋतू काय देतोय ते बघा आणि देशाचा कुठला भाग धरायचा ते ठरवा. बहुतेक लोक उलटं करतात, आधी फोटो बघून महिना ठरवतात आणि मग घरच्या कामांशी मारामारी करत बसतात.

तिकडची गर्दी आधी खोडून टाका

मोठ्या गर्दीचे काळ तीन. पहिला गोल्डन वीक, २९ एप्रिलची सुट्टी आणि मग ३, ४, ५ मे अशा लागोपाठ सुट्ट्या, मधले दिवस जोडून सगळा देश प्रवासाला निघतो. दुसरा ओबोन, साधारण १३ ते १६ ऑगस्ट, पितरांसाठी गावी जायचे दिवस, आपले चाकरमानी गणपतीला निघतात तेव्हा कोकण रेल्वेची जी अवस्था होते ती तिकडे त्या आठवड्यात शिंकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची होते. तिसरा वर्षअखेर, २९ डिसेंबर ते ३ जानेवारी, यात गर्दी तर असतेच वर बरीच दुकानं, म्युझियम, छोटी हॉटेलं बंद असतात. या तिन्ही काळात टोकियो-ओसाका मार्गावरच्या नोझोमी गाड्या पूर्ण रिझर्व्हेशनच्या असतात, ऐनवेळी चढून बसता येत नाही.

सप्टेंबरमध्ये काही वर्षी सुट्ट्या जुळून आल्या की सिल्व्हर वीक होतो, २०२६ मध्ये तो १९ ते २३ सप्टेंबर आहे. पण त्या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे तेव्हा कोकणातला माणूस घर सोडणार नाही, तो प्रश्न आपोआप सुटला. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा शाळांची सुट्टी असते, कारण तिकडे शाळा आणि ऑफिस दोन्हीचं नवीन वर्ष १ एप्रिलच्या सुमाराला चालू होतं. आणि साकुरा नेमका तेव्हाच, म्हणून ती गर्दी डबल.

एकाच देशात दोन-तीन ऋतू

जपान दक्षिणोत्तर खूप लांब आहे. ओकिनावात जानेवारीत चेरी फुलते, टोकियोत मार्चच्या शेवटी, हिरोसाकीला एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि वर होक्काइडोत साप्पोरोला मे महिना उजाडतो. लाल पानांचं याच्या उलट, ती सप्टेंबरच्या मध्याला होक्काइडोच्या दाइसेत्सुझान डोंगरांत सुरू होतात आणि उतरत उतरत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्योतो, टोकियोत संपतात. म्हणजे तुमची तारीख हलवता येत नसेल तर जागा हलवा, हा या सगळ्या नियोजनातला सगळ्यात उपयोगाचा भाग आहे. उत्तर-दक्षिण जमत नसेल तर उंची बदला. फुजीच्या पायथ्याला कावागुची तलावाजवळ चेरी टोकियोच्या आठ-दहा दिवस मागून येते, ताकायामाला एप्रिलच्या मध्यावर. नारा प्रांतातल्या योशिनो डोंगरावर तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडंच झाडं आहेत आणि फुलोरा खालून वर चढत जातो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यात कधीही गेलात तरी कुठल्यातरी टप्प्यावर फुलं सापडतात.

साकुरा

टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात सोमेई योशिनो जातीचं एक झाड नमुना म्हणून ठरवून ठेवलेलं आहे. हवामान खात्याचा माणूस तिथे येतो, फांद्यांकडे मान वर करून बघत झाडाभोवती फिरतो, डोळ्यांनी फुलं मोजतो आणि पाच-सहा उमललेली दिसली की टोकियोत साकुरा सुरू झाला असं जाहीर करतो, टीव्हीवाले कॅमेरे लावून उभेच असतात. आपल्या बागेत कलमाच्या शेंड्याला डोळा फुटलाय का ते बघत फिरणाऱ्याला हे बघून फार आपलं वाटतं. १९९१ ते २०२० या काळाची सरासरी काढली तर टोकियोत पहिली फुलं २४ मार्चला आणि पूर्ण बहर ३१ मार्चला, क्योतोत पूर्ण बहर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. पण सरासरीवर विसंबू नका, गरमी वाढल्यापासून तारखा अलीकडे सरकतायत, बहर लवकर येतोय, २०२१ मध्ये क्योतोत पूर्ण बहर २६ मार्चलाच आला आणि तिथे बाराशे वर्षांच्या नोंदी आहेत त्यात एवढा लवकर कधीच आलेला नव्हता.

बहर टिकतो जेमतेम आठवडाभर, मध्येच पाऊस आणि वारा आला की दोन दिवसांत सगळा सडा जमिनीवर. अवकाळीने मोहोर झडताना आपण बघतो त्यामुळे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सरकारी हवामान खात्याने बहराचे अंदाज देणं २०१० पासून थांबवलं, आता वेदरन्यूजसारख्या खाजगी कंपन्या जानेवारीपासून अंदाज देतात आणि ते सुधारत राहतात, पण आपलं तिकीट तोपर्यंत काढून झालेलं असतं. म्हणून साकुरासाठीच जाणार असाल तर मार्चचे शेवटचे चार-पाच दिवस आणि एप्रिलचे पहिले पाच दिवस धरा, टोकियो आणि क्योतो दोन्ही ठेवा आणि एक दिवस मोकळा सोडा, फुलं उशिरा आली तर दक्षिणेला आणि लवकर संपली तर डोंगरात जायला.

ज्यांना मार्च-एप्रिल अशक्य आहे त्यांनी हिरमुसून जायची गरज नाही. इझू द्वीपकल्पात कावाझू नावाचं गाव आहे, तिथली चेरीची जात लवकर फुलते, साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, रंगाने गडद गुलाबी आणि नदीच्या काठाने रांगच रांग, शिवाय टिकतेही सोमेई योशिनोपेक्षा जास्त दिवस. टोकियोहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. फेब्रुवारीत प्लमची झाडंही फुललेली असतात, मितो शहरातलं काइराकुएन उद्यान त्यासाठीच नावाजलेलं आहे. बाग असणाऱ्याला फेब्रुवारीही थोडा जडच जातो, पण ज्यांचं दुकान आहे, बँकेत-शाळेत नोकरी आहे पण परीक्षेची ड्युटी नाही अशांना जमू शकतं.

मुलांना घेऊन जायचंय तर ७ मे नंतर

हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो आणि लोक फार कमी ऐकतात. गोल्डन वीक संपला की जपान रिकामा होतो, हॉटेलचे दर खाली येतात, आणि हवा वर्षातली सगळ्यात छान असते, टोकियोत दुपारी २३-२४ अंश, आकाश मोकळं, डोंगर कोवळ्या हिरव्या पानांनी भरलेले. आपल्याकडे तेव्हाच शाळांना सुट्टी आणि बाहेर पाऊल टाकवत नाही इतका घाम. साकुरा नाही एवढी एकच गोष्ट कमी, बाकी बघायला भरपूर. आशिकागाच्या बागेतली निळी-जांभळी विस्टेरिया एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असते, ती पहिल्या आठवड्यानंतर ओसरते, पण तातेयामाचा डोंगरी रस्ता एप्रिलच्या मध्याला उघडतो आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती जूनपर्यंत असतात, म्हणजे ज्या पोराने जन्मात बर्फ बघितला नाही त्याला मे महिन्यात टीशर्टवर एक जाकीट चढवून बर्फाला हात लावता येतो, थंडीची सगळी खरेदी न करता. आणि भातशेतीत तेव्हा पाणी भरलेलं असतं, बऱ्याच भागात यंत्राने लावणी चालू असते, शिराकावा-गोला गवताने शाकारलेल्या उतरत्या छपरांची घरं त्या पाण्यात उलटी दिसतात. आपल्या माणसाला ते शेत बघत बसावंसं वाटतं, निदान मला तरी वाटलं.

बागायतदारांसाठी मात्र हा काळ अर्धामुर्धाच, कारण पावसाच्या आत आंबा उतरवायचा असतो. शिक्षक, सरकारी नोकरीवाले, दुकानदार यांनी ही खिडकी सोडू नये. ओकिनावा फक्त टाळा, तिथे १० मेच्या आसपास पावसाळा चालू होतो.

पावसाळा: त्यांचा आणि आपला

टोकियोच्या भागात पावसाळा सरासरी ७ जूनला लागतो आणि १९ जुलैच्या सुमाराला संपतो. ७ जून म्हणजे आपला मृग, तारीखसुद्धा तीच. त्यामुळे जून-जुलैत जाऊ नका असं सगळे सांगतात, पण कोकणातल्या माणसाने हे ऐकताना आकडे बघावेत. टोकियोत अख्ख्या जूनमध्ये सुमारे १७० मिलीमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे मुसळधार लागला की एक-दोन दिवसांत तेवढा पडून जातो. तिकडचा पाऊस म्हणजे झिमझिम, मळभ, मधूनच उघडीप. दुकानाच्या दारात छत्रीला घालायला लांब प्लास्टिकची पिशवी ठेवलेली असते, ओली छत्री त्यात सरकवायची की पाण्याचा एक थेंब फरशीवर पडत नाही, आणि स्टेशनबाहेरच्या कुठल्याही छोट्या दुकानात पारदर्शक छत्री मिळते. कामाकुराला मेइगेत्सुइन देवळात निळ्या हायड्रेंजियाची झुडपं तेव्हाच फुललेली असतात, पावसातच ती चांगली दिसतात. पावसाला घाबरत नसाल तर जूनचा मध्य ते शेवट स्वस्तात होतो. दक्षिणेच्या क्युशू बेटाकडे मात्र जुलैच्या सुरुवातीला जाऊ नका, पावसाळ्याच्या शेवटी तिकडे एकाच जागी धो धो कोसळतो, जुलै २०२० मध्ये कुमामोतो भागात कुमा नदीला मोठा पूर येऊन माणसं गेली होती.

होक्काइडोत पावसाळा म्हणावा असा नसतोच. साप्पोरोत जुलैत दुपारी २५ अंशाच्या आसपास, फुरानोला लॅव्हेंडरची शेतं जुलैच्या मध्याला ऐन रंगात, गार वारा. ज्यांच्या होड्या १ जून ते ३१ जुलै बंदीमुळे पाजेवर ओढून ठेवलेल्या असतात, ज्यांचे तारकर्ली-मालवणला होमस्टे आहेत आणि पावसात स्कुबा-बोटी बंद म्हणून खोल्या रिकाम्या, त्यांच्यासाठी जुलैचा होक्काइडो हे माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर आहे, आणि २० जुलैच्या आत उरका कारण त्यानंतर जपानच्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागते. जाता-येता टोकियोत दोन दिवस काढा, बाकी सगळा वेळ वर उत्तरेला.

ऑगस्टबद्दल थोडक्यात सांगतो, टाळा. ५ ऑगस्ट २०२५ ला गुन्मा प्रांतात इसेसाकीला ४१.८ अंश नोंदले गेले, जपानमधला आजवरचा उच्चांक. टोकियो-क्योतोत ३५ अंश म्हणजे नेहमीचं झालंय आणि हवेत दमटपणा कोकणातल्या मे महिन्याएवढा, घाम सुकतच नाही. जुलै-ऑगस्टच्या या उकाड्यात दोनच कारणांसाठी जावं. एक म्हणजे फुजी चढायचाय, तो हंगाम जुलैच्या सुरुवातीपासून १० सप्टेंबरपर्यंतच असतो, २०२५ पासून चारही वाटांवर माणशी ४,००० येन शुल्क लागतं. दुसरं म्हणजे उत्सव. क्योतोचा गिओन १७ आणि २४ जुलैला रथ काढतो, आणि आओमोरीचा नेबुता २ ते ७ ऑगस्ट, कागदाचे घराएवढे दिवे आत उजेड लावून रात्री रस्त्यावरून ओढत नेतात, ढोल, बासऱ्या, बाजूने उड्या मारत नाचणारी माणसं. शिमग्यात पालखी नाचवलेल्या माणसाचे पाय तिथे थांबत नाहीत.

फुजीचं आणखी एक. बर्फाची टोपी घातलेला फुजी बघायला लोक ऑगस्टमध्ये जातात आणि त्यांना तपकिरी बोडका डोंगर दिसतो, तोही ढगातून दिसला तर. बर्फ साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडायला लागतो, २०२४ मध्ये तर तो ७ नोव्हेंबरला दिसला, १८९४ पासूनच्या नोंदीत सगळ्यात उशिरा. फुजी बघायचाच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि सकाळी लवकर.

वादळं

ऑगस्ट-सप्टेंबर टायफूनचे महिने, शेपूट ऑक्टोबरपर्यंत. टोकियोत वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस जून-जुलैत पडत नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरला पडतो, महिन्याला २२५ ते २३५ मिलीमीटर. ४ सप्टेंबर २०१८ च्या जेबी वादळात ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ पाण्याखाली गेला होता आणि हजारो प्रवासी अडकले. निसर्ग वादळ ज्यांनी श्रीवर्धन-दापोलीला जून २०२० मध्ये अनुभवलं त्यांना वारा म्हणजे काय ते माहीत आहे. तिकडे चांगली गोष्ट ही की रेल्वेवाले गाड्या बंद ठेवणार असतील तर बहुतेक वेळा आदल्या दिवशीच सांगतात. या महिन्यांत जाणार असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी विमानतळाच्या शहरात येऊन राहा आणि इन्शुरन्स काढा.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, आपला खरा हंगाम

आता मुद्द्याचं. भात कापून झोडून घरात आलेलं असतं, दिवाळी झालेली, पावसाळा संपून घर-अंगण आवरून झालेलं, आणि मोहोराच्या मुख्य फवारण्या अजून डोक्यावर बसलेल्या नसतात. बागायतदाराला वर्षात हाच एक श्वास घ्यायचा वेळ. आणि नेमक्या त्याच दिवसांत क्योतो लाल होतो, साधारण १५ नोव्हेंबर ते डिसेंबरचे पहिले चार-पाच दिवस, त्यातही २० ते ३० नोव्हेंबर सगळ्यात भरात. पाऊस कमी, वादळांचा धोका जवळजवळ संपलेला, टोकियोत दुपारी १६-१७ अंश. सिंधुदुर्गात मात्र कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, आपल्या गावची जत्रा कुठल्या तिथीला येते ते आधी पंचांगात बघा, दशावतार चुकवून जपानला गेलात तर घरचे वर्षभर ऐकवतील.

आखणी अशी करा. २३ नोव्हेंबरला तिकडे सुट्टी असते आणि तिच्याजवळचा शनिवार-रविवार क्योतोत वर्षातला सगळ्यात गर्दीचा, त्या दोन-तीन दिवशी क्योतोत राहू नका, कानाझावा, हिरोशिमा किंवा टोकियो गाठा. क्योतो सोमवार ते गुरुवारात बसवा. दिवस लहान असतो, पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि बरीच देवळं चार-साडेचारला आत सोडणं बंद करतात, म्हणून सकाळी सातला बाहेर पडायची सवय ठेवा, तोफुकुजीसारख्या ठिकाणी दार उघडताना रांगेत असाल तर पहिला अर्धा तास तरी शांतपणे बघता येतं. संध्याकाळी एइकान्दो, कियोमिझू अशा देवळांत रात्रीचे दिवे लावून पुन्हा उघडतात, त्याचं तिकीट वेगळं.

गर्दी नको असेल तर ओसाकाच्या उत्तरेला मिनोला जा. ओसाकातल्या उमेदाहून हानक्यू रेल्वेच्या गाडीने अर्धा तास, मग ओढ्याच्या काठाने धबधब्यापर्यंत पाऊण तासाची सपाट वाट, दोन्ही अंगाला मेपल. वाटेवर छोट्या टपऱ्यांवर मेपलची पानं तळतात, ती पानं आधी बरेच महिने मिठात मुरवलेली असतात, एकेक पान धुऊन पिठात बुडवायचं आणि चॉपस्टिकने पसरून तेलात सोडायचं म्हणजे पाचही बोटं सुटी राहतात, मग गाळून कागदाच्या पिशवीत. गोडसर, कुरकुरीत, पानाला स्वतःची चव फारशी नाही, पण खात खात धबधब्यापर्यंत जायला मस्त.

क्योतो नोव्हेंबरच्या सुरुवातीला अजून हिरवाच असतो, त्यामुळे दिवाळी लवकर आली आणि तुम्ही ५ तारखेलाच निघालात तर क्योतोवर भर देऊ नका, निक्कोला जा, तिथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पानं भरात असतात.

कपडे हा आपल्याकडचा खरा अडसर, किनाऱ्यावरच्या घरात स्वेटर असतोच कुठे. नोव्हेंबरला जाड कोटाची गरज नाही, थर्मल, फुल शर्ट, वर एक वारा न लागणारं जाकीट पुरे, क्योतोत पहाटे पाचेक अंशापर्यंत उतरतं. एकावर एक काढता येतील असे घाला कारण गाडीत आणि दुकानात हीटर चालू असतो. थर्मल तिकडेच युनिक्लोत घ्या, आपल्याकडे रत्नागिरीला साईज मिळत नाही. आणि भोकं नसलेले मोजे, देवळात, घरगुती हॉटेलात बूट काढावे लागतात.

हिवाळा

डिसेंबरचे पहिले तीन आठवडे आणि ५ जानेवारी ते फेब्रुवारी. टोकियोत थंडी पण कोरडी, लख्ख ऊन, जानेवारीत दिवसा १० अंश, पहाटे १-२. बर्फ टोकियोत क्वचित. आणि तरीही सव्वा तासावर डोंगरापलीकडे माणूस बुडेल एवढा बर्फ, याचं कारण आपल्याला सह्याद्रीमुळे पटकन कळतं. सायबेरियाकडून येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, मधल्या डोंगररांगेला धडकतो आणि सगळा माल पश्चिम बाजूला टाकून देतो, पलीकडे टोकियोला पोचतो तो सुका. नैऋत्य मोसमी वारा कोकणात जे करतो आणि घाटमाथ्यापलीकडे देशावर जे होतं तेच, फक्त पावसाच्या जागी बर्फ.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेनने एचिगो-युझावाला जा आणि खिडकीजवळ बसा. बाहेर निळं आकाश, सुकी पिवळी शेतं, घरांच्या गच्चीवर गाद्या वाळत घातलेल्या. मग २२ किलोमीटरचा बोगदा लागतो, काचेत आपलंच तोंड दिसत राहतं, आणि बाहेर पडता क्षणी सगळं पांढरं, छपरांवर कमरेएवढा थर, रस्त्यात गाड्यांऐवजी बर्फ सारणारी यंत्रं. गाला युझावाला स्टेशनातूनच बर्फावर जाता येतं, मुलांना घसरगुंडी खेळायला भाड्याने बूट-कपडे मिळतात, त्यामुळे एका दिवसासाठी काही विकत घ्यायला नको. ज्यांना बर्फाची हौस आहे पण होक्काइडोएवढं लांब जायचं नाही त्यांनी एवढंच करावं.

साप्पोरोचा बर्फ महोत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो, खोल्या सहा महिने आधी धरा. चिनी नवीन वर्षाचा आठवडा टाळा. हातात धरायच्या गरम पुड्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात, घेऊन ठेवा.

आणि मासे खाणाऱ्यांनो, हिवाळा आपलाच. हिरोशिमा-मियाजिमाला कालवं शिंपल्यासकट जाळीवर भाजून देतात, आपल्या खाडीतल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी. पश्चिम किनाऱ्यावर खेकड्याचा हंगाम ६ नोव्हेंबरला उघडतो, तोयामाच्या खाडीत थंडीतला चरबीदार बुरी मासा, कानाझावाच्या ओमिचो बाजारात सकाळी फिरलात तर ताजं काय आलंय ते मांडणीवरच कळतं. शरद ऋतूत सान्मा आणि साबा, साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा जवळचा भाऊबंद, मीठ लावून भाजलेला मागवा, भातासोबत घरच्यासारखा लागतो.

बुकिंग

नोव्हेंबरसाठी खोल्या मे-जूनमध्येच धरा, फुकट कॅन्सल होणाऱ्या घ्या. व्हिसा फार आधी काढू नका, एकवेळच्या एन्ट्रीचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत प्रवेश करावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेल्वेचा सात दिवसांचा पास ५०,००० येन झाला, टोकियो-क्योतो-ओसाका एवढंच करणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

मुंबईला पोचण्याचाही ऋतू असतो हे विसरू नका. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू चालते, दरड कोसळली की दिवस जातो, महामार्गाचा भरवसा नाही, म्हणून जुलैत विमानाच्या निदान एक दिवस आधी मुंबईत असा. गौरी-गणपती विसर्जनानंतर मुंबईकडे जाणारी एकही सीट मिळत नाही त्यामुळे त्या आठवड्यातलं विमान घेऊ नका. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना मोपा विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली गाठणं सोपं.

तिकडे कोणाला भेटायला जात असाल तर हापूस बॅगेत टाकू नका, ताजा आंबा विमानतळावर काढून घेतात, जपानला भारतीय आंबा २००६ पासून जातो पण वाफेची प्रक्रिया करून, कागदपत्रांसकट. काजू न्या. शिंकान्सेनची सर्वसाधारण तिकीटविक्री प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी जपानच्या सकाळी १० वाजता उघडते, म्हणजे आपल्याकडे साडेसहा, नोव्हेंबरच्या २३ तारखेच्या आसपासची तिकिटं हवी असतील तर त्या वेळेला मोबाईल हातात घेऊन तयार राहा आणि टोकियोहून क्योतोकडे जाताना फुजी दिसायला उजव्या खिडकीची, म्हणजे ई नंबरची सीट मागा.